घोरपड सुस्त दिसली तर काय करावे? आजार, धोके आणि कायदा

गोंदिया : बांधीच्या धुऱ्यावर, बोडीच्या काठावर किंवा नवेगाव-नागझिरा जंगलालगतच्या गावांत घोरपड दिसते. उंदीर, किडे, खेकडे, अंडी आणि मेलेली जनावरेही ती खाते, म्हणजे शेताची सफाईच करते. मात्र सुस्त घोरपड दिसली की काही जण ती मटणासाठी वा तेलासाठी पकडतात. हे घोरपडीला आणि माणसालाही महागात पडू शकते.

सुस्त म्हणजे आजारी का?
दरवेळी नाही. घोरपडीचे रक्त थंड असते. हिवाळ्यात सकाळी ऊन मिळेपर्यंत ती हलत नाही. पण भर उन्हातही पळत नसेल, अंगावर जखम असेल, तोंडातून फेस येत असेल किंवा पाय ओढत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. गाडीची धडक, कुत्र्याचा चावा, फवारणीने मेलेले किडे खाणे ही कारणे असू शकतात. जंगलातल्या घोरपडीच्या अंगावर गोचिडही असतात.

कोंडल्यावर काय होते?
ऊन मिळाले नाही तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. शहरात पाळल्या जाणाऱ्या इग्वानांनाही हाच आजार होतो. इग्वाना हा अमेरिका खंडातला, पाला खाणारा मोठा सरडा; आपल्या जंगलात तो नाही.

माणसाला धोका
धडधाकट दिसणाऱ्या घोरपडीच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यामुळे जुलाब, ताप, पोटदुखी होते. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायांना जास्त जपावे. घोरपडीच्या तेलाने सांधेदुखी बरी होते, याला वैद्यकीय पुरावा नाही. ‘हत्थाजोडी’ नावाने विकली जाणारी मुळीसुद्धा अनेकदा नर घोरपडीचे वाळवलेले लिंग असते.

कायदा
वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घोरपड आहे. शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

हे करा
- कुत्री आणि मुले दूर ठेवा.
- पाणी पाजू नका, खायला देऊ नका, दोरीने बांधू नका.
- वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा.
- हात लागला असल्यास साबणाने धुवा.
- चावल्यास जखम वाहत्या पाण्यात साबणाने धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.