गिझाच्या वाळूतली सवारी

इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ वाळूतून वेगाने दौडण्याची हौस पर्यटनाहून फार जुनी आहे. स्फिंक्सच्या पुढच्या दोन पंजांमध्ये ग्रॅनाइटची एक शिळा उभी आहे. थुतमोस चौथा या राजाने ती इ.स.पू. १४०० च्या सुमारास बसवली. राजपुत्र असताना तो इथे रथ दौडवायला, शिकारीला आणि नेमबाजीला येत असे, असे तिच्यावर कोरलेले आहे. एकदा भर दुपारी स्फिंक्सच्या सावलीत त्याचा डोळा लागला; अंगावर साचलेल्या वाळूचे गाऱ्हाणे स्फिंक्सरूपी देवाने स्वप्नात त्याच्या कानी घातले आणि राज्यपदाचे वचन दिले. खुफूचा पिरॅमिड तेव्हाच हजार वर्षांहून जुना होता. स्वतः थुतमोसही एका अर्थी प्राचीन वास्तू पाहायला आलेला पाहुणाच होता.

सवारीचा धंदा मात्र एकोणिसाव्या शतकात आकाराला आला. आधी कैरोहून नाव आणि गाढव असा प्रवास करावा लागे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. त्या सोहळ्याला येणाऱ्या फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीसाठी इजिप्तचा शासक खेदिव्ह इस्माइल याने पिरॅमिडांपर्यंत रस्ता बांधून घेतला. त्याच वर्षी थॉमस कुकची पहिली सहल इजिप्तमध्ये आली. पायथ्याची शाही शिकारकोठी पुढे ‘मेना हाउस’ हॉटेल झाली. १९७२ पासून सुमारे चाळीस वर्षे ते भारताच्या ओबेरॉय समूहाकडे होते. पर्यटकांच्या या गर्दीवर स्फिंक्ससमोरच्या नझलेत अस-सम्मान गावाचा चरितार्थ उभा राहिला. उंट, घोडे, गाढवे भाड्याने देणे हे तर होतेच. शिवाय पाहुण्याला पिरॅमिडवर चढवणे हेही मोठे काम असे. दोघांनी वरून हात धरून ओढायचे, तिसऱ्याने खालून रेटायचे. खालच्या थरांतले दगड कमरेच्याही वर येतात, त्यामुळे ही मदत चैनीची नव्हती. आता चढाईला कायद्याने बंदी आहे.

जनावरांप्रमाणे मोटारही वाळवंटात चालू शकते, हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या फोर्ड गाड्यांनी दाखवले. त्याचे शास्त्र केले राल्फ बॅगनॉल्ड या लष्करी अभियंत्याने. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कैरोहून मोहिमा काढताना टायरमधली हवा कमी ठेवण्याची युक्ती त्याने पक्की केली. टायर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक रुतत नाही. १९४१ साली वाळूच्या भौतिकीवर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

आज गिझाच्या वाळूत पर्यटक चालवतात त्या चारचाकी क्वाड बाईकचे फुगीर टायर याच तत्त्वावर चालतात. १९७० मध्ये होंडाने तीनचाकी आणली. ती वळणावर सहज उलटत असे. सुझुकीची चारचाकी १९८२ ची. अमेरिकेत तीनचाकींची विक्री १९८८ मध्ये थांबली आणि चारचाकीच रूढ झाली. तिला लगाम नाही, गिअरचीही फारशी कटकट नाही. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की गाडी पळते. म्हणूनच कधी दुचाकीही न चालवलेला माणूस थोड्या सरावाने तिच्यावर बसतो. वाटाड्या पुढे असतो आणि बाकीच्यांनी त्याच्या चाकोरीतूनच यायचे असते, कारण उंचवट्यापलीकडे उतार आहे की सरळ कडा, हे त्यालाच ठाऊक असते. तोंडाला फडके बांधलेली ही रांग दक्षिणेकडच्या टेकाडावर थांबते. तिथून तीन मोठे पिरॅमिड आणि राण्यांचे छोटे पिरॅमिड एका नजरेत येतात.

याहून जवळ गाड्या न्यायची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. १९९० साली याच परिसरात एका घोड्याचा पाय वाळूत दडलेल्या कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला. तिथे खणल्यावर पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी सापडली. मुकादम, कारागीर, त्यांच्या बायका, त्यांच्यासोबत पुरलेली भाकरी-बिअरची भांडी असे सगळे उजेडात आले आणि पिरॅमिड गुलामांनी बांधले या समजुतीला मोठा धक्का बसला. घोडा ठेचकाळला म्हणून भिंत कळली; जड यंत्र ती भिंत चिरडून पुढे गेले असते आणि चालकाला काही जाणवलेही नसते. वाळवंटाच्या वरच्या खड्यांच्या थराला झालेली इजाही लवकर भरून येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या फोर्ड गाड्यांच्या खुणा पश्चिम वाळवंटात अजून दिसतात.

गिझापासून दहशूरपर्यंतचा पट्टा १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरला. पुढे पठाराभोवती लांबलचक कुंपण घातले गेले. २००८ मध्ये ते पुरे झाले आणि गावातून वर जाण्याच्या जुन्या वाटा अडल्या. या कुंपणावर उंट-घोडेवाल्यांचा राग होता. त्यात २०११ च्या सरकारविरोधी उठावात पर्यटक नाहीसे होऊन धंदा बुडाल्यावर त्यांच्यातले काही जण २ फेब्रुवारीला कैरोच्या तहरीर चौकात निदर्शकांवर चाल करून गेले. एप्रिल २०२५ पासून फयूम रस्त्याकडच्या नव्या प्रवेशद्वारातून विजेच्या बसगाड्या पाहुण्यांना पठारावर नेऊ लागल्या आणि जनावरांसाठी वेगळी जागा नेमली गेली. घोडे-उंटवाल्यांनी त्याला विरोध केला. क्वाड बाईक मात्र कुंपणाबाहेरच्या वाळवंटातच धावतात.