न निघणाऱ्या नॉबचा इतिहास

आजची गोष्ट एका छोट्या वस्तूची आहे: जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा नॉब. वायरिंग बदलायचं असो की डॅशबोर्ड रंगवायचा असो, आधी नॉब काढावे लागतात. ते ओढून येत नाहीत. मग कुणीतरी पकड लावतं आणि साठ वर्षं टिकलेला नॉब क्षणात फुटतो. सगळे म्हणतात, गंजला होता. खरं तर बऱ्याचदा तो मुद्दामच अडकवलेला असतो.

का, ते पाहू. 1948 साली ब्रिटनमध्ये मॉरिस मायनर आली. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान बर्मिंगहॅमची लुकास कंपनी पुरवायची. स्विच डॅशबोर्डच्या मागून बसवायचा, त्याची आट्यांची मान पुढे काढायची, तिच्यावर नट आवळायचा आणि शेवटी नॉब लावायचा. म्हणजे नट सोडवायचा तर नॉब निघालाच पाहिजे. पण दिव्यांचा स्विच चालायचा ओढून! नुसता दाबून बसवलेला नॉब रोज संध्याकाळी चालकाच्या हातात आला असता.

यावर उपाय निघाला तो स्प्रिंगवरच्या बारीक पिनचा. ही पिन स्विचच्या दांडीत असते आणि नॉबच्या मानेतल्या भोकात जाऊन बसते. भोक सहसा खालच्या बाजूला, नजरेआड. आता लक्षात आलं? ओढण्याला दाद द्यायची नाही, यासाठीच ही रचना केलेली आहे. मग जोर लावून काय होणार?

म्हणून आधी बॅटरीची तार काढा. टॉर्च आणि लहान आरसा घेऊन भोक शोधा. बारीक खिळ्याने किंवा सरळ केलेल्या पेपर क्लिपने पिन आत दाबा आणि नॉब अलगद पुढे घ्या. पिन जाम असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबा.

फिरवायच्या नॉबवर ओढ येत नाही, म्हणून तिथे बाजूला छोटा ग्रब स्क्रू असतो, किंवा आत नुसती स्प्रिंगची पट्टी. पट्टीवाल्या नॉबमागे मजबूत दोरा घालून दोन्हीकडून सारखं ओढा. चोकचा नॉब मात्र काही गाड्यांत केबलशी कायमचा जोडलेला असतो. त्याच्याशी झटू नका, केबलच मागून सोडवा.

आणखी एक गोष्ट. त्या काळातले कित्येक नॉब बेकलाइटचे होते. लिओ बेकलंड यांनी 1907 साली शोधलेलं हे प्लास्टिक तापवून मऊ होत नाही, पण ठिसूळ असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की तुकडा पडतो.

पुढे अमेरिकेत 1966 साली वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1968 पासून त्याचे अनेक नियम लागू झाले. अपघातात शरीरात घुसतील असे दांडे डॅशबोर्डवर नकोसे झाले. जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीतही खटके जाऊन चपटे रॉकर स्विच आले. जीव वाचले, ते चांगलंच झालं. पण पिनची ओळख मागे पडली.

आपल्याकडची अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरूनच उत्तरपाड्यात घडली. तिच्या जुन्या मॉडेलला हात लावतानाही पकड बाजूला ठेवा आणि आधी भोक आहे का पाहा. शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना हे ठाऊक असेल, तर ते आहेत तोवर विचारून घ्या. जुना नॉब फुटला तर त्याचा जोड मिळणं कठीण.