परिवीक्षा, बालगुन्हेगारांची

अल्पवयीनाने किरकोळ व अहिंसक अपराध केला असता त्यास कोंडून न ठेवता, सदाचरणाच्या हमीवर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतःच्या घरी राहू देण्याची व्यवस्था. अपराधाची सवय जडण्यापूर्वीच मुलास सावरावे, हे तिचे मूलतत्त्व होय.

भारतात किरकोळ अपराध करणाऱ्या १० ते १८ वर्षांच्या मुलांना कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्याची तरतूद १८५० मध्येच झाली. १८७६ व १८९७ च्या अधिनियमांनी तुरुंगाऐवजी सुधारशाळेचा मार्ग खुला केला; पुण्याजवळ येरवडा येथे अशी शाळा होती. सदाचरणाच्या हमीवरील मुक्ततेस १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्थान मिळाले. मुंबई इलाख्यात १९२४ चा मुलांविषयीचा व १९३८ चा परिवीक्षेचा अधिनियम यांनी तिचा विस्तार केला. १९५८ मध्ये परिवीक्षेचा केंद्रीय अधिनियम संमत झाला.

याच काळात विपरीत विचारही रूढ होता. १९११ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमान्वये, स्वतः कोणताही अपराध न केलेल्या मुलांनाही केवळ जन्मावरून पालकांपासून वेगळे काढता येत असे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. हस्तक्षेपाचा आधार मुलाचे कृत्य असावे, कूळ नव्हे, हा त्यापासूनचा धडा होय.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, कमाल तीन वर्षांच्या कैदेस पात्र असलेले साध्या चोरीसारखे अपराध किरकोळ ठरतात. त्यांची चौकशी चार महिन्यांत आणि मुदतवाढ मिळाल्यास आणखी दोन महिन्यांत पुरी न झाल्यास संपुष्टात येते. समज, समुपदेशन, समाजसेवा वा परिवीक्षा असे पर्याय बाल न्याय मंडळापुढे असतात.

पुणे जिल्ह्याचे मंडळ येरवड्यास आहे. जुन्नर पुण्यापासून सु. ९० किमी. दूर आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती असून अनेक कुटुंबे मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करतात. अशा पालकास प्रत्येक तारखेला मजुरी बुडवावी लागते. प्रौढांचा सहभाग नसलेल्या किरकोळ अपराधात प्रथम खबर न नोंदविता केवळ दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे धाडावा, असा नियम आहे. त्यामुळे मुलाशी पहिली गाठ जुन्नर, घोडेगाव येथील पोलीस ठाण्यांतच पडते. तेथील बालकल्याण अधिकाऱ्याने घरची स्थिती कितपत जाणून घेतली, यावर परिवीक्षेचे यश मुख्यत्वे अवलंबून राहते.

पहा : बालगुन्हेगारी, सुधारशाळा.