पिस्तूल कोणाचे?

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा लढायांच्या मागे असतात. तोफ, बंदूक, तलवार यांचे वर्णन ते करतात ते कोणते राज्य बुडाले आणि कोणते उभे राहिले हे सांगण्यासाठी. ज्या हत्याराने एकही लढाई जिंकली नाही, ज्याच्यासाठी कोणी पोवाडा रचला नाही आणि ज्याचे भक्ष्य म्हणजे पुठ्ठ्यावरचे एक काळे वर्तुळ, अशा हत्याराचा इतिहास सांगण्याचे आम्ही आज योजिले आहे. पॉइंट टू-टू बोअरचे, रिमफायर काडतुसाचे निशाणबाजीचे पिस्तूल हे ते हत्यार. विषय लहान दिसतो खरा. पण वस्तू घडविणारा, ती वापरणारा आणि तिच्यावर नियम घालणारा या तिघांत तिचा खरा धनी कोण, हा प्रश्न या लहानशा पिस्तुलाच्या बाबतीत जितका उघडा पडतो तितका मोठ्या यंत्रांच्या बाबतीतही पडत नाही.

प्रथम काडतुसाविषयी. फ्लोबेर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४५ च्या सुमारास स्फोटक टोपीच्याच तोंडात एक बारीक गोळी बसविली. निराळी दारू नाही, मोठा आवाज नाही. युरोपातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जेवणानंतर निशाणे मारण्याची मौज या काडतुसाने सुरू झाली. म्हणजे या कुळाचा जन्मच मुळी खेळात झाला, रणांगणात नव्हे. पुढे १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या जोडीने या कल्पनेत थोडी दारू घालून आपले पहिले रिव्हॉल्व्हर काढले, आणि १८८७ साली ज्याला ‘लाँग रायफल’ म्हणतात ते काडतूस आले. सुमारे अडीच ग्रॅम वजनाची त्याची गोळी आजही जगभर याच मापाने वापरली जाते. एकशेतीस वर्षांहून अधिक काळ टिकलेले असे माप यंत्रविद्येत क्वचितच आढळते.

या काडतुसाची युक्ती त्याच्या कडेत आहे. बुडाशी जी कड दुमडलेली असते तिच्या पोकळीत स्फोटक द्रव्य भरलेले असते. पिस्तुलाची सुई त्या कडेवर आपटली की ठिणगी पडते. या एका गोष्टीतून या हत्याराचे गुण आणि दोष दोन्ही निघाले. कड चेपली गेली की नळकांडे पुन्हा भरता येत नाही, पण ते इतके स्वस्त की भरण्याची गरजही नाही. सराव हा ज्याचा प्राण, त्या खेळाला स्वस्त काडतूस म्हणजे अर्धी विद्याच. उलट बाजूने, मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकली तर पिस्तूल ऐन वेळी रुसते. आणि काडतुसाशिवाय नुसता चाप ओढण्याचा सराव केला, तर काही पिस्तुलांत सुई नळीच्याच काठावर आपटून तो काठ बोथट करते. जाणते नेमबाज त्यासाठी रिकामे नळकांडे किंवा प्लास्टिकची खोटी गोळी घालून ठेवतात.

ब्राउनिंगच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीने १९१५ साली या काडतुसाचे स्वयंचलित पिस्तूल बाजारात आणले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकात जर्मनीच्या व्हान ओयेनने वाल्थर कंपनीच्या ‘ओलिंपिया’ पिस्तुलाने सुवर्णपदक मिळविले. युद्धानंतर वाल्थरचा कारखाना रशियनांच्या ताब्यातील मुलखात गेला, तेव्हा स्वित्झर्लंडच्या हेमर्ली कंपनीने परवाना घेऊन तेच घराणे पुढे चालविले. पण ही पिस्तुले महाग होती. सामान्य माणसाच्या हाती हे हत्यार आले ते अमेरिकेत, १९४९ साली, आणि त्या गोष्टीपाशी थोडे थांबणे आम्हांला इष्ट वाटते.

बिल रूगर हा मुळात खटपट्या माणूस. युद्ध संपताच एका सैनिकाने आणलेले जपानी ‘नाम्बू’ पिस्तूल त्याने मिळविले आणि आपल्या गॅरेजमध्ये त्याच्या बरहुकूम नमुने करून पाहिले. अलेक्झांडर स्टर्म या मित्राच्या भांडवलावर त्याने कनेक्टिकट राज्यात छोटा कारखाना घातला. लोखंडाचा ठोकळा कोरून पिस्तुलाचा सांगाडा काढण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे दाबून ते सांधण्याची पद्धत त्याने स्वीकारली, म्हणून किंमत साडेसदतीस डॉलरवर ठेवता आली. दोनच वर्षांत स्टर्म अकाली वारला. मुठीवरच्या गरुडाच्या मुद्रेचा लाल रंग रूगरने काळा केला तो त्या मित्राच्या स्मरणार्थ, असे सांगतात. १९५१ साली हालवता येणारी निशाणी आणि लांब नळी असलेला ‘टार्गेट’ नमुना निघाला. कारखान्यातून आलेले साधे पिस्तूल निशाणबाजीच्या योग्यतेचे करून घ्यावे ही ग्राहकांची हौस कारखान्यानेच येथे ओळखलेली दिसते.

या हौसेतून एक सबंध लोकविद्या निर्माण झाली. पिस्तूल विकत घेणे ही फक्त सुरुवात, ते आपल्या हाताचे करणे हे खरे काम, ही तिची धारणा. पण या विद्येतही अडाणीपणा पुष्कळ असतो. नवशिका सर्वांत आधी नवी नळी मागवतो, कारण नळी डोळ्यांना दिसते. अनुभवी माणूस आधी मूठ पाहतो. मूठ तळहाताला भिडली नाही तर प्रत्येक गोळीगणिक पकड किंचित बदलते, आणि बदलत्या पकडीला उत्तम नळीचाही उपयोग नाही. म्हणून अक्रोडाच्या लाकडाची मूठ कानशीने घासावी, जेथे पोकळी राहील तेथे लाकडाची लुगदी भरावी, वाळू द्यावी, पुन्हा घासावी, असे महिनोन्‌महिने चालते. मग निशाणीची माशी आणि खाच. मग चाप. आणि या सर्वांहून मोठी, पण फुशारकीत कधी न येणारी गोष्ट म्हणजे काडतुसांची निवड: एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे एकाच नळीतून निरनिराळी वागतात, म्हणून पिस्तूल शेगड्यात आवळून कोणता घाणा जवळजवळ गोळ्या टाकतो हे पाहून त्याचाच साठा करावा लागतो.

चापाविषयी मात्र सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे. चाप हलका व्हावा म्हणून आतली अडसराची कडा घासत जाणे ही अनेकांची आवड. ती कडा मर्यादेबाहेर घासली की घोडा नीट अडकत नाही. मग एका ओढीत दोन गोळ्या सुटतात, किंवा धक्क्यानेही पिस्तूल उडते. हे काम कसबी कारागिराचे, हौशी माणसाचे नव्हे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पंचवीस मीटरच्या रिमफायर पिस्तुलाचा चाप निदान एक किलो वजन पेलणारा असावा असा नियम आहे आणि तो तपासण्याची रीत मोठी साधी: नळी उभी धरून चापाला वजन अडकवायचे आणि ते टेबलावरून उचलायचे. उचलले गेले तर ठीक, मध्येच घोडा पडला तर पिस्तूल बाद. ज्या न्यायाला वकील लागत नाही असा हा न्याय.

येथे नियम घालणाऱ्यांचा प्रवेश होतो. पण त्याआधी एका विलक्षण कारागिराचे नाव घेतले पाहिजे. सोव्हिएत रशियातील मिखाईल मार्गोलिन याची दृष्टी तारुण्यातच डोक्याला झालेल्या जखमेने कायमची गेली. आंधळ्या माणसाने निशाणबाजीचे पिस्तूल आखावे ही गोष्ट पुराणात शोभेल; पण मार्गोलिनने ती विसाव्या शतकात करून दाखविली. नकाशा काढता येत नसल्यामुळे तो प्रत्येक भागाचा नमुना मऊ मातीसारख्या द्रव्यात बोटांनी घडवी. त्याच्या पिस्तुलात मागची निशाणी सरकत्या भागावर न बसविता स्थिर पुलासारख्या आधारावर बसविली आहे, म्हणजे गोळी सुटताना भाग मागे-पुढे सरकले तरी निशाणी जागची हालत नाही. जी निशाणी त्याला स्वतःला कधीच दिसणार नव्हती तिचीच त्याने एवढी काळजी वाहिली.

त्याच देशातून पुढे एक उलटे पिस्तूलही आले. नेहमीच्या पिस्तुलात नळी मुठीच्या वर असते, म्हणून गोळी सुटताच मनगटाभोवती फिरून तोंड वर उडते; पाच निशाणांवर चार सेकंदांत पाच गोळ्या टाकायच्या त्या शर्यतीत हे तोंड खाली आणण्यातच वेळ जातो. सोव्हिएत कारागिरांनी नळीच खाली आणली, इतकी की धक्का सरळ हातात मागे यावा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात हे पिस्तूल गाजले. सुवर्णपदक मात्र रुमानियाच्या पेत्रेस्कूला मिळाले, हे आम्हांला या कथेतले सर्वांत बोलके कलम वाटते. तरीही नियमकर्त्यांनी त्या रचनेला दार बंद केले. नळीचा मध्य अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे असे ठरले. शिवाय सबंध पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. २००५ पासून या जलद शर्यतीतले हलके ‘शॉर्ट’ काडतूसही गेले, आणि जुने विक्रम नव्या पिस्तुलांना लागू राहिले नाहीत.

अशी बंधने म्हणजे कल्पकतेचा गळा दाबणे होय, असे काही जण म्हणतात. आमचे मत तसे नाही. पिस्तूल सुधारत सुधारत जर अशा टोकाला गेले की हात कोणाचाही असला तरी चालेल, तर तो खेळ कारखानदारांचा झाला, नेमबाजांचा राहिला नाही. हात किती मोठा असू शकतो याचा दाखला हंगेरीच्या कारोय टाकाचने दिला आहे. १९३६ साली तो केवळ सार्जंट होता, अधिकारी नव्हता, म्हणून त्याला हंगेरीच्या संघात घेतले नाही. १९३८ साली लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने आरंभापासून धडे गिरवले. निशाणबाजीची घडविलेली मूठ डाव्या हाताला केवळ निरुपयोगीच नव्हे तर वैरीण असते, कारण तिचे सारे उंचवटे उजव्या तळव्यासाठी असतात; शिवाय उजवीकडे उडणारी नळकांडी डावऱ्याच्या तोंडासमोरून जातात. पुढच्याच वर्षी टाकाच हंगेरीचा अजिंक्यवीर झाला. मग युद्धाने दोन ऑलिंपिके गिळली. १९४८ साली लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले, आणि १९५२ साली हेलसिंकीला ते राखले. पिस्तूल हाताच्या मापाचे करण्याची विद्या वर सांगितली. टाकाचने हातच नवा केला.

पण नेमबाज आणि नियमकर्ता यांच्यापलीकडे आणखी एक धनी आहे, तो म्हणजे सरकार. १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलांनी सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार मारले. १९९७ साली ब्रिटिश संसदेने आधी मोठ्या बोअरची पिस्तुले बंद केली आणि त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने पॉइंट टू-टूही बंद केली. ज्या आईबापांची मुले गेली त्यांच्यापुढे खेळाची बाजू मांडण्याचे धैर्य कोणाला होणार, आणि का व्हावे? तरी हेही खरे की ज्यांचा काही अपराध नव्हता अशा हजारो निशाणबाजांनी वर्षानुवर्षे घासून हाताच्या मापाची केलेली पिस्तुले भरपाई घेऊन सरकारजमा केली. ब्रिटिश खेळाडू परदेशी जाऊन सराव करू लागले. २००२ च्या मँचेस्टर आणि २०१२ च्या लंडन स्पर्धांसाठी खास सवलत काढावी लागली. कायद्यात बारा इंची नळी आणि दोन फूट एकूण लांबी, म्हणजे तीस आणि साठ सेंटिमीटर, असलेल्या हत्याराला वाट होती. म्हणून काहींनी नळी लांब करून मुठीमागे एक लोखंडी दांडा बसविला. पिस्तुलाच्या सुधारणेचा हा प्रकार कोणा नेमबाजाने नव्हे, कायद्याच्या मसुदेकाराने घडविला.

आपल्या देशात लिटनसाहेबाच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र काढले, ही जखम आपल्या राष्ट्रसभेच्या पहिल्या दशकातील ठरावांत दिसते. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. त्यातही परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार कोणी करू नये असे कलम आहे. त्यामुळे रूगरच्या देशातली गॅरेजमधली कानशीविद्या येथे मुठीच्या लाकडापुरतीच उरते, बाकी परवानाधारक कारागिराकडे. २०१९ साली नागरिकाच्या परवान्यावरील बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, खेळाडूंना सवलत ठेवून. नामांकित नेमबाजांना परदेशी पिस्तूल आणविण्याची मुभा असते. पण नामांकित होण्याआधी काय, हा प्रश्न प्रत्येक होतकरू मुलाच्या बापाला पडतो. बहुधा उत्तर असते ते क्लबचे पिस्तूल, दहा हातांनी गुळगुळीत केलेल्या मुठीचे.

तरीही २०१२ साली लंडनला विजयकुमारने जलद शर्यतीत रौप्यपदक मिळविले, आणि २०१८ साली जाकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात बरोबरी फोडून सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. आणि १९५९ च्या कायद्यात बंदुकांच्या संख्येची जी मर्यादा आहे तिच्यातून मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी सूट दिली आहे खरी; पण त्या पोटकलमात पॉइंट टू-टू बोअरची रायफल आणि हवेची रायफल एवढेच शब्द आहेत. पिस्तुलाचे नाव तेथे नाही.