पहिल्या ओळीतला रेझिस्टर

सर्किट हाताने टाइप करून सर्किटचं गणित सोडवणाऱ्या एनजीस्पाइसला दिलं आणि पहिल्याच ओळीत रेझिस्टर लिहिला, तर तो खुशाल गायब होतो. पहिली ओळ शीर्षकाची, असं हे सॉफ्टवेअर धरूनच चालतं. दहा लाख ओहमसाठी नुसता ‘एम’ लावला तर ओहमचा हजारावा भाग समजतं. ‘मेग’ लिहावं लागतं.

या खोडी पंचकार्डांच्या काळातल्या. पहिलं कार्ड नावाचं असे, आणि इंग्रजी अक्षरं फक्त कॅपिटल, म्हणून मिली आणि मेगा यांना एकच अक्षर. त्याच काळात, १९७० च्या आसपास, बर्कलीत प्राध्यापक रॉन रोहरर यांनी अख्ख्या वर्गाला सर्किटचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम लिहायला बसवलं. तो तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना पसंत पडला तर सगळे पास! (अशी परीक्षा आता कोण घेईल?) अशा प्रोग्रॅमची गरजही होतीच: ब्रेडबोर्डवर तार काढून दुसरीकडे खोचता येते, चिपमध्ये नाही, म्हणून चूक आधी कागदावरच सापडायला हवी होती.

त्या प्रोग्रॅमवर काम करणारे लॉरेन्स नेगल पुढे पेडरसन यांच्याकडे आले. पेडरसन यांचा आग्रह एकच: प्रोग्रॅम सर्वांना खुला हवा. म्हणून तो नव्याने लिहिला गेला आणि १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथे ‘स्पाइस’ नावाने मांडला गेला. मागेल त्याने टेपचा खर्च द्यायचा, बस्स. विद्यार्थ्यांनी तो कंपन्यांत नेला. कंपन्यांनी त्यावर विकतच्या आवृत्त्या काढल्या. १९८४ चं पीस्पाइस त्यातलंच.

खुली शाखाही वाढत राहिली. एनजीस्पाइस तिच्यातलंच. पवईत आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याला सर्किट काढायच्या कीकॅडची जोड दिली आणि केंद्र सरकारच्या पैशातून ‘इसिम’ उभं केलं. आधीचं नाव ऑस्कॅड.

चिपचा कारखाना आपली ट्रान्झिस्टर-मॉडेलं बहुधा करार करूनच देतो, त्यामुळे उद्योगात विकतची सॉफ्टवेअर टिकून आहेत. शिकायला मात्र त्यांची गरज नाही. धामणगाव बढेची मुलगी शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली काय किंवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसली काय, इसिम तिला फुकटच मिळतं. मास्तरांनो, चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर प्रयोग घेणं आता तरी थांबवा.