पाहुण्यांचे कौतुक

पॅरिसने कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांना आसरा दिला, असे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. रिचर्ड राइट १९४७ साली तेथे कायमचा राहायला गेला. त्याच वर्षी सार्त्रच्या मासिकाने त्याचे 'ब्लॅक बॉय' क्रमशः छापले. चेस्टर हाइम्सकडून संपादक मार्सेल द्युआमेलने हार्लेमवरच्या गुन्हेकथा लिहून घेतल्या. त्यातल्या पहिलीलाच १९५८ साली फ्रान्सचा मानाचा पुरस्कार मिळाला.

पण विल्यम गार्डनर स्मिथची हकिगत वेगळी आहे. फिलाडेल्फियाचा हा लेखकही पॅरिसमध्येच स्थायिक झाला होता. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी संचारबंदीविरुद्ध निघालेल्या अल्जेरियन लोकांच्या मोर्चावर पॅरिसच्या पोलिसांनी हल्ला केला; कित्येक मारले गेले, काहींना सेन नदीत फेकण्यात आले. स्मिथने ते 'द स्टोन फेस' या कादंबरीत आणले. तिचा नायक कृष्णवर्णीय अमेरिकन. मायदेशी पायदळी तुडवला गेलेला हा माणूस पॅरिसमध्ये मात्र गोऱ्यांच्या पंगतीत बसतो. तेथे तुडवले जातात ते अल्जेरियन. कादंबरी इंग्रजीत १९६३ साली आली, फ्रेंचमध्ये २०२१ साली. म्हणजे तब्बल ५८ वर्षांनी!

अमेरिकेचे पाप वाचताना फ्रेंच वाचकाला आपण उदार वाटत होतो. स्वतःचे पाप वाचायला दोन पिढ्या जाव्या लागल्या.

"तुमच्यासारखे लोक आले तर आमची हरकत नाही," असे येथे कोणी म्हटले की पूर्वी मी सुखावत असे. हल्ली मनात येते, मग हरकत कोणाबद्दल आहे?