आपण स्वतःला काय म्हणवायचे? 'बहिष्कृत' ते 'आंबेडकरी'

२० मार्चला महाडला जायला गाडी ठरवायची म्हणून गडब परिसरातली काही मुले जमली होती. गाडीचे भाडे, जेवण, निघायची वेळ सगळे दहा मिनिटांत ठरले. मग गाडीवर लावायच्या फलकावरच्या एका शब्दावरून दीड तास वाद झाला. एक म्हणाला, 'दलित युवक' लिहा. दुसरा म्हणाला, आपण दलित नाही, 'बौद्ध' आहोत. तिसऱ्याला 'आंबेडकरी' हवे होते. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "नावात काय आहे? आधी वर्गणी काढा."

वर्गणी निघाली. पण त्याचा प्रश्न मनात राहिला, कारण बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न अनेकदा हाताळला होता आणि त्याला 'नावात पुष्कळ काही आहे' असे उत्तर दिले होते.

ज्या परिषदेच्या स्मरणार्थ आपण महाडला जातो तिचे नावच पाहा. १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली ती 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, त्यासाठी सरकारी आदेश पुरला. 'बहिष्कृत' शब्द गळून पडायला मात्र माणसांना आयुष्ये खर्ची घालावी लागली.

या नावाच्या आधीही नावे होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळ' काढले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. जोतीराव फुल्यांनी 'शूद्रातिशूद्र' हा शब्द लढ्यात आणला होताच. पुढे १९०८ मध्ये पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. कोणी स्वतःला सोमवंशी म्हणवू लागले, कोणी चोखामेळा. या माणसांचे मोठेपण वादातीत आहे. शिव्यांसारख्या वापरल्या जाणाऱ्या जातिनामातून सुटण्याची त्यांची ती प्रामाणिक धडपड होती.

मग ही नावे का टिकली नाहीत? बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या 'अवे फ्रॉम द हिंदूज' या लेखनात याचे रोखठोक उत्तर आहे. चोखामेळा म्हणून सांगितले की समोरचा थांबत नाही. म्हणजे नेमके कोण, असे तो विचारतो, आणि अखेर 'महार' हा शब्द तोंडून काढून घेतो. रोहिदास, वाल्मीकी, आदि-द्रविड या सगळ्या नावांची गत तीच. जातीच्या चौकटीत राहून घेतलेले नवे नाव म्हणजे जुन्याच घराला दिलेला रंग. पाऊस आला की आतला डाग वर येतो. म्हणून नाव असे हवे की ते सांगितल्यावर पुढचा प्रश्न विचारायला जागाच उरू नये, आणि ते धर्म बदलल्याशिवाय मिळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेतही त्यांनी धर्मांतर आणि नामांतर या दोन गोष्टी एकत्र मांडल्या.

दुसरी कसोटी म्हणजे नाव कोण देतो. ४ नोव्हेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि आर. श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावालाच हरकत होती. हे नाव आमच्या लोकांना कमीपणा आणते, त्याऐवजी 'प्रोटेस्टंट हिंदू' किंवा 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' असे काही म्हणा, असे त्यांनी सुचवले. मतदारसंघ आणि हक्क यांची झुंज चालू असतानाही त्यांना नावाचा मुद्दा किरकोळ वाटला नाही.

पुढे 'हरिजन' आले. गांधीजींनी ते प्रेमाने दिले असेल, पण ते दिलेले होते, आपण घेतलेले नव्हते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत हा शब्द घालण्याचा प्रयत्न झाला. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर बाकीचे काय राक्षसाची, असा त्यांचा सवाल होता. बहुमताच्या जोरावर सरकारने ऐकले नाही, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. ज्याला नावाने हाक मारायची त्यालाच विचारायचे नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात हा शोध संपला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये ती संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला. बौद्धांना मिळाला १९९० मध्ये. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्याच्या सवलती चालू ठेवल्या हे खरे, पण केंद्राच्या सवलती ३४ वर्षे नाकारल्या गेल्या. आपल्या आजोबांनी 'बौद्ध' हे नाव फुकट घेतलेले नाही. नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या पणाला लावून घेतले आहे. म्हणूनच सरकारी कागदावरचा 'नवबौद्ध' हा शब्द खटकतो. सत्तर वर्षे होत आली, अजून आपण नवेच का?

मग 'दलित'चे काय? हा शब्द शिवी नव्हता. १९५८ च्या मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाने तो साहित्यात रुजवला, १९७२ मध्ये दलित पँथरने त्याला धार लावली. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया हे सगळे 'दलित' होते. राजा ढाले यांना ही मांडणी पटली नाही. बाबासाहेबांनी बुद्ध दिल्यावर पुन्हा खाली बघायला लावणारे नाव कशाला, हा त्या बाजूचा सवाल होता. त्यात तथ्य आहे. पण २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा शब्द वापरू नका म्हणून पत्रे काढली, वृत्तवाहिन्यांनाही सूचना दिली, तेव्हा प्रश्न बदलला. आपण एखादे नाव सोडणे वेगळे आणि सरकारने ते आपल्या तोंडून काढून घेणे वेगळे. १९३८ चा सभात्याग आठवत असेल तर हा फरक कळेल.

आता आपल्याच दारातले बोलू. वडखळहून महाडपर्यंत जा, 'बौद्धवाडी' अशा पाट्या भेटतील. पूर्वीच्या महारवाड्यालाच आता बौद्धवाडी म्हणतात. पाटी बदलली, जागा तीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले, तेव्हा त्या यादीत महारवाडा होता, मांगवाडा होता, आणि बौद्धवाडाही होता! धम्माचे नाव जातीच्या यादीत गेले. याचा राग यायलाच हवा. पण थोडा राग स्वतःवरही काढा. आपणच 'बौद्ध' म्हणजे 'पूर्वीचे महार' एवढाच अर्थ ठेवला असेल, लग्न जुळवताना पोटजात विचारत असू, शेजारच्या चर्मकार किंवा मातंग मित्राला 'आपल्यातला' मानत नसू, कातकरीवाडीचा दाखल्याचा प्रश्न 'त्यांचा' समजत असू, तर बाबासाहेबांच्या कसोटीवर हे नावही 'सोमवंशी'च्याच रांगेत जाऊन बसेल.

२०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. तिथे गोंधळ नको. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' ठामपणे सांगा, 'हिंदू' नाही. १९९० नंतर त्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. जातीच्या रकान्यातली नोंद ही कायद्यातल्या हक्कासाठी आहे. ती आपली ओळख नव्हे.

आणि फलकावर? माझे मत 'आंबेडकरी'च्या बाजूने आहे. 'बौद्ध' हा आपला धम्म आहे, तो जगायचा आहे. पण चवदार तळ्यावर जाणाऱ्या गाडीत ज्याने दीक्षा घेतलेली नाही असा चर्मकार मित्र, कातकरी पोरगा, आगरी-कोळी कार्यकर्ता, कोणीही बसू शकला पाहिजे. 'आंबेडकरी' हे नाव जन्माने मिळत नाही, विचाराने घ्यावे लागते. समोरच्याने 'म्हणजे नेमके कोण?' असे विचारले तर त्याचे उत्तर जातीत नाही, आपल्या वागण्यात आहे.

फलक तसाच लिहा. आणि गाडीत दोन जागा कातकरीवाडीसाठी ठेवा.

जयभीम!